एकवीस दाण्यांची बाटली

सभागृहात खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांत बसले, आणि खिडक्याही भरल्या तेव्हा भिंतींना टेकून उभे राहिले. व्यासपीठावर काचेचा एक वाडगा, वाडग्यावर कॅमेरा, आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावर वाडग्याचं भलंमोठं चित्र. चित्राच्या मधोमध एक काळा दाणा. खरा दाणा काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा असेल नसेल, पडद्यावर मात्र तो माठाएवढा दिसत होता.

"बघा, नीट बघा!" दाणेबाबांचा आवाज माईकशिवायही पोचला असता, तरी माईक होताच. "सुकलेला! मेलेला! दोन दिवस पाण्याबाहेर, कापसात गुंडाळून ठेवलेला! ह्याला आई नाही, बाप नाही, सोबती नाही. आता ह्याच्यावर पडतंय कृपाजल. सगळ्यांनी म्हणा, जाग दाण्या, जाग!"

"जाग दाण्या, जाग!" सभागृह दुमदुमलं.

हा गजर चांगली दहा मिनिटं चालला. बाबांना नेमकी तेवढीच मिनिटं हवी होती, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. अकराव्या मिनिटाला दाण्याची एक कड उचलली गेली आणि दाणा सरकला. आधी केसभर, मग बोटभर. पडद्यावर तर तो चक्क चालत निघाला. लोकांनी तोंडात बोटं घातली. एका आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मग शेजारणीचा चष्मा मागितला.

"कुणी म्हणेल किडा आहे," बाबा मिश्कील हसले. "कुणी म्हणेल गोगलगाय आहे. म्हणू दे! त्या शहाण्यांना एवढंच विचारा, की एकट्या किड्याला जोडीशिवाय पिल्लं होतात का? तुम्ही एक दाणा घरी न्या. झाकण लावा. हातही लावू नका. एकाचे चार होतील, चाराचे चौदा होतील, आणि दाणे वाढतील तसं दुखणं घटेल! एकवीस झाले की औषध बंद!"

तिसऱ्या रांगेत सासूबाईंनी सुनेचं मनगट घट्ट धरलं. "ऐकलंस? एकवीस!"

सुनेने ऐकलं होतं, आणि तिच्या कपाळावरची शीर तटतटायला लागली होती. ही सून शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात पाणी तपासायची. रोज सकाळी तीस ठिकाणचे नमुने, गढूळपणा किती, क्लोरीन किती, जंतू आहेत का. त्यामुळे अख्खं शहर तिला पाणीबाई म्हणायचं. सासूबाईंनी पस्तीस वर्षं बटणांचं दुकान चालवलं होतं. आता दुकान मुलगा बघत होता आणि सासूबाईंना साखर होती. सकाळ-संध्याकाळ पोटात सुई टोचून घ्यावी लागे, आणि त्या सुईचा त्यांना इतका तिटकारा होता की सुईची वेळ झाली की त्या न्हाणीघरात जाऊन बसत. सूनबाई दाराबाहेर सुई घेऊन उभी, सासूबाई आत नळ सोडून बसलेल्या, हा त्या घरातला रोजचा कार्यक्रम होता.

तेव्हा बाटली घरी आली. बाटली फुकट होती, ती ठेवायचा लाकडी पाट तेवढा बाबांच्याच दुकानातून विकत घ्यावा लागला. सोबत नियमांचा कागद होता. बाटली खिडकीजवळ उजेडात ठेवावी. आतली हिरवी शेवाळाची जुडी काढू नये. अर्धी बाटली रिकामीच राहू द्यावी. नळाच्या पाण्याचा थेंबही पडू देऊ नये, कारण नळाच्या पाण्यात संशय असतो.

"माझ्या पाण्यात क्लोरीन असतं," पाणीबाई उसळली. "संशय कुठून आला त्यात?"

"बघ, लगेच शंका काढलीस," सासूबाई म्हणाल्या आणि बाटली सुनेपासून दोन हात लांब सरकवली.

दोन आठवडे काहीच झालं नाही. मग एका सकाळी स्वयंपाकघरातून अशी हाक आली की पाणीबाईचा नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून धावला. सासूबाई बटणं पारखायचं जुनं भिंग डोळ्याला लावून बाटलीपुढे बसल्या होत्या. "पाच झाले! एक मोठा, चार बारके. खसखशीपेक्षा बारके, पण आहेत. चालतायत!"

पाणीबाईने भिंग घेतलं. होते खरे.

आता इथे पाणीबाईचं काय चुकलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. तिलाही वाटत होतं की एकट्या जिवाला पिल्लं होणं शक्य नाही. म्हणजे ज्या पायावर बाबा उभे होते त्याच पायावर तीही उभी होती. बाबा म्हणत, शक्य नाही, म्हणून चमत्कार. ती म्हणे, शक्य नाही, म्हणून हातचलाखी. दर रविवारी बाबांचा भगव्या उपरण्यातला शिष्य घरोघर बाटल्यांवर हात फिरवायला येई. तोच गुपचूप दाणे टाकत असणार, दुसरं काय?

"आई, मी ह्या बाटलीला सील लावू का?" तिने विचारलं. "मग तर कुणालाच काही टाकता येणार नाही."

"लाव की! दहा लाव!" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या दाण्याला कुणाची भीती नाही."

पाणीबाईने केंद्रातून पाण्याच्या मीटरला लावतात तसलं सील आणलं. झाकणावरून तार फिरवली, शिशाची गोळी ओवली, पकडीने दाबली. गोळीवर केंद्राचा शिक्का उमटला. ते सील तोडल्याशिवाय मुंगीलाही आत शिरता आलं नसतं. त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

आठवड्याने सील जसंच्या तसं होतं आणि दाणे अकरा होते.

पुढच्या रविवारी सासूबाई ती बाटली सभागृहात घेऊन गेल्या आणि बाबांनी ती दोन्ही हातांनी उंच धरली. "सरकारी सील! जलकेंद्राचा शिक्का! संशय घेणाऱ्या बाईंनी स्वतःच्या हाताने लावलेलं! आणि तरीही अकरा!" टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. दुसऱ्या दिवशी शहरभर पत्रकं लागली. पत्रकावर पडद्यावरच्या दाण्याचा फोटो, बाटलीचा फोटो, सीलाचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत 'पाणीबाईंनीही मानलं!' केंद्रातल्या साहेबांनी तर चहा पिता पिता विचारलं, "काय बाई, आता नमुने तपासायचे की त्यांच्यापुढे गजर करायचा?"

चेष्टा तिने पचवली असती. पण दोन आठवड्यांनी ती आपल्या मुलीचे केस कापून घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तर दुकान बंद. न्हावीदादांना ग्लानी येऊन दवाखान्यात नेलं होतं. साखर साडेपाचशेच्या वर गेली होती. त्यांनी दहा दिवसांपूर्वी गोळ्या बंद केल्या होत्या.

ती तशीच दवाखान्यात गेली. न्हावीदादा सलाईन लावून पडले होते, ओठ कोरडे पडले होते. उशाशी बाटली, बाटलीत सहा दाणे. तिला पाहून ते कष्टाने हसले. "या बाई. आधी माझाही विश्वास नव्हता. मग बाटलीवर तुमचं सील पाहिलं. म्हटलं, पाणीबाईंनी मानलंय म्हणजे झालं. एकवीसची वाट पण नाही बघितली."

"दादा, गोळ्या घ्या. मी हात जोडते."

"इथे डॉक्टर देतात ते घेतो. घरी गेलो की बघू. बाबा म्हणाले, ही परीक्षा आहे. मला कच खायची नाही."

न्हाव्याची बायको पायथ्याशी उभी होती. ती पाणीबाईकडे रोखून बघत होती. ती नजर घेऊन पाणीबाई घरी आली आणि त्या रात्री जेवली नाही. माणूस आपल्या शब्दावर विसंबून मरणाच्या दारात जाऊन आला, ह्याची तिला भयंकर लाज वाटली.

सकाळी केंद्रात ती गाळणी विभागाच्या पायरीवर बसून होती. तिथे चाळणीकाकांचं राज्य होतं. झऱ्याचं पाणी शहराकडे निघण्याआधी ज्या जाळ्यांतून जातं, त्या जाळ्या उपसणं, घासणं, पुन्हा बसवणं हे काम काका अठ्ठावीस वर्षं करत होते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तोंडात अखंड बडबड.

"बाई, तोंड का एवढं उतरलंय? काय आहे ते हातात?"

तिने बाबांच्या पत्रकावरचा पडद्यावरच्या दाण्याचा फोटो दाखवला. काकांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हा? हा देव झाला? अहो, ह्याच्यापायी माझी निम्मी नोकरी गेली! चला माझ्याबरोबर."

झरा केंद्राच्या मागे, कुंपणाच्या आत होता. शहरातल्या कुणाला तिकडे फिरकायची परवानगी नव्हती, आणि पाणीबाई स्वतः आजवर तिथे फक्त बाटली बुडवून नमुना घेण्यापुरती वाकली होती. काकांनी बाही सारून पाण्यात हात घातला आणि तळहाताएवढा दगड उपडा करून वर काढला. दगडाच्या पोटाला काळे दाणे चिकटले होते. शंभर, दोनशे, मोजायची सोय नव्हती. थंड, स्वच्छ, संथ वाहणारं पाणी, दगडावर शेवाळाचा पातळ थर, आणि तो थर खरवडून खात हळूहळू सरकणारं हे सगळं गाव.

"गोगलगाईच आहेत," काका म्हणाले. "पण एवढ्याशाच. ह्यापेक्षा वाढत नाहीत. पाण्याबाहेर काढल्या की शंखाचं दार लावून घेतात, चार-चार दिवस मेल्यासारख्या पडतात. पाण्यात टाका, पाच-दहा मिनिटांत दार उघडून चालू. नळाच्या पाण्यात मात्र मरतात, तुमचं ते औषध सोसत नाही त्यांना. परवा एक भगव्या उपरण्याचा माणूस कुंपणाच्या भोकातून बालदी घेऊन पळताना दिसला. मला वाटलं, मासे चोरतोय."

"पण काका, एकटी असताना पिल्लं कशी होतात?"

"ते मला काय माहीत? होतात एवढं खरं. सगळ्या जाळ्या धुतल्या आणि एक राहिली तरी महिन्याभरात पुन्हा गजबज."

'ते मला काय माहीत' हे शब्द पाणीबाईच्या मनात रुतून बसले. हे आपणही म्हणू शकलो असतो. न म्हणता सील लावायला धावलो.

तिने दाणा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. इवलासा मळसूत्री शंख, पुढे दोन शिंगं, तोंडाशी खरवडायची जीभ, मागे पायावर दाराची चकती. आणि अर्धपारदर्शक शंखाच्या पोटात, एकमेकांना चिकटून, तसलेच वीस-पंचवीस चिमुकले शंख. पिल्लं आईच्या पोटातच तयार होऊन बसली होती. तिने कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या जुन्या बाईंना फोन लावला. बाई आधी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या, "अगं वेडे, अशा जाती आहेत! सगळ्या माद्याच. नराची गरजच पडत नाही. एक आली की तिच्यातून सगळं कुटुंब. तू विचारायचंस तरी!"

पण हे आता नुसतं सांगून कोण ऐकणार होतं? तिने झऱ्यातला, पोटात पिल्लं असलेला एकेक दाणा टाकून चार बाटल्या भरल्या आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवल्या. पहिलीकडे कुणी बघायचंही नाही. दुसरीला तिची मुलगी रोज गाणं म्हणून दाखवणार. तिसरीपुढे ती स्वतः बाबांचा गजर करणार. चौथी चाळणीकाकांच्या ताब्यात. त्यांनी तिला रोज सकाळी मनापासून शिव्या घालायच्या.

"फक्त शिव्या?" काकांनी विचारलं. "बाई, आजवर पगार घेऊन इतकं आवडीचं काम कुणी दिलं नव्हतं."

बाबांच्या महासोहळ्याला तीन आठवडे होते. त्या दिवशी सासूबाई व्यासपीठावर सगळ्यांसमक्ष सुई सोडणार होत्या. घरच्या बाटलीत सोळा झाले, अठरा झाले. पाणीबाईने वाद घालणं सोडून दिलं, त्यामुळे सासूबाईंनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. सोहळ्याच्या दोन दिवस आधी दुपारी तिने त्या चार बाटल्या आणून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"आई, जरा मोजून देता? मला ते बारके दिसत नाहीत."

बटणवालीला मोजायला सांगितलं की तिला राहवत नाही. सासूबाईंनी भिंग लावलं. "पहिलीत एकोणीस. दुसरीत सतरा. तिसरीत अठरा. आणि ही चौथी... थांब, हलू नको टेबल... सव्वीस. अगं सव्वीस! ही कुणाची गं? काय जप केलाय हिच्यावर?"

"गाळणीतले काका रोज सकाळी तिला शिव्या देतात."

"कसल्या?"

पाणीबाईने त्यातल्या घरात उच्चारता येतील तेवढ्या म्हणून दाखवल्या. सासूबाई आधी 'शी!' म्हणाल्या, मग त्यांना हसू फुटलं, आणि शेवटी त्या इतक्या हसल्या की चष्मा टेबलाखाली गेला. मग त्यांनी आपली बाटली जवळ ओढली. त्यांच्या तोंडावर एवढा विरस पाणीबाईने कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे सुई सुटणार नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही, आई."

"बरं." त्यांनी नाक पुसलं. "न्हाव्याचं काय?"

"घरी आलेत. गोळ्या परत बंद केल्यात."

सासूबाई उठल्या. "ती शिव्यांची बाटली मला दे. आणि त्या काकांना म्हणावं रविवारी बूट घालूनच या."

महासोहळ्याला सभागृहाबाहेरही पडदा लावावा लागला. बाबांनी हात पसरले. "या माई! ह्याच त्या सीलवाल्या माई! किती झाले दाणे?"

"एकवीस," सासूबाई माईकमध्ये म्हणाल्या. टाळ्या, गजर, कुणीतरी शंख फुंकला.

"मग टाका ती सुई!"

"टाकते की. पण बाबा, आधी ही दुसरी बाटली बघा. हिच्यात सव्वीस आहेत."

बाबांचे डोळे चमकले. "सव्वीस! सव्वीस, बंधूंनो! माझ्या हातूनही कधी एवढे झाले नाहीत! कोण आहे हा महाभक्त? लपू नका, पुढे या! तुमच्या मुखातला मंत्र सगळ्यांना ऐकू द्या!"

रबरी बुटांचा फचफच आवाज करत चाळणीकाका व्यासपीठावर चढले. बाबांनी स्वतः त्यांच्या तोंडापुढे माईक धरला. काकांनी घसा साफ केला, बाटलीकडे पाहिलं आणि रोजच्यासारखंच म्हणाले, "ए नतद्रष्टे, बिनकामाचे, फुकटखाऊ! माझ्या जाळ्या तुंबवतेस? तुझं वाटोळं होवो! तुझ्या साती पिढ्यांचं वाटोळं होवो!"

मग मागच्या रांगेत एक पोरगी खुदकन हसली, आणि ते हसू पुढच्या रांगेपर्यंत पसरत आलं.

"शिवीतही भाव असतो!" बाबांनी सावरायचा प्रयत्न केला. "तिरस्कार हीही एक भक्तीच..."

"आणि हिच्याकडे कुणी बघितलंही नाही, तरी एकोणीस," पाणीबाई पहिली बाटली घेऊन वर आली. "बाबा, तुमचा कॅमेरा जरा वापरते." तिने दाणा वाडग्यात ठेवला आणि खालून दिवा लावला. पडद्यावर अर्धपारदर्शक शंख उजळला. त्याच्या पोटात पिल्लांची गर्दी दिसत होती. तिने सगळं सांगितलं. दार कसं लागतं, दहा मिनिटांनी ते का उघडतं, नळाच्या पाण्याला मनाई का, आणि ह्या जातीत सगळ्या आयाच कशा असतात. "बाबांनी हे बनवलेलं नाही. हे झऱ्यात आपोआप होतं, आपल्या शहराच्याही आधीपासून. बाबांनी फक्त बालदी भरली आणि त्याला औषध म्हटलं."

बाबा तोंड उघडणार तोच न्हाव्याची बायको उभी राहिली. "माझ्या नवऱ्याच्या बाटलीत बारा झालेत, महाराज," ती म्हणाली. "आणि काल संध्याकाळी साखर चारशे ऐंशी. कुठल्या दाण्याने किती उतरवली, तेवढं सांगता?"

बाबांचं पितळ उघडं पडलं होतं. त्यांनी शिष्याकडे पाहिलं, शिष्याने मागच्या दाराकडे पाहिलं. लोकांचं लक्ष पडद्यावर असताना दोघंही हातावर तुरी देऊन निसटले. पण फाटकाशी चाळणीकाकांचे दोन सोबती बालदीचा जाब विचारायला उभेच होते, त्यामुळे फार लांब पोचले नाहीत.

व्यासपीठावर सासूबाईंनी पिशवीतून सुई काढली. "चल गं, वेळ झाली. दुखलं तर ओरडेन, पण घेईन." आणि सातशे माणसांपुढे, पडद्याआड जराशा वळून, त्यांनी ती घेतली. ओरडल्याही.

पाणीबाई मात्र टाळ्या घ्यायला थांबली नाही. ती न्हाव्याच्या बायकोबरोबर थेट त्यांच्या घरी गेली. दुकानामागच्या खोलीत न्हावीदादा भिंतीला टेकून बसले होते, हातात बाटली.

"बाई, सील तुमचंच होतं ना?" त्यांनी विचारलं.

"माझंच. सील खरं होतं, दादा. बाहेरून कुणी काही टाकलं नाही हे त्याने बरोबर सांगितलं. त्याचा अर्थ मी चुकीचा लावला. मला माहीत नव्हतं आणि 'माहीत नाही' म्हणायची मला लाज वाटली. त्याची शिक्षा तुम्हाला झाली. बाटलीतली ही मोठी गोगलगाय आई आहे. तिला पिल्लं झाली. तिला तुमची साखर माहीतही नाही."

न्हावीदादांनी बाटली उजेडात धरली. काचेवर बारा दाणे आपापलं शेवाळ खात चालले होते.

"मग ह्यांचं काय करायचं?"

"झऱ्यात सोडू. जिथल्या तिथे. आणि पुढच्या वेळी कुणी काहीही दाखवलं, मी, बाबा, डॉक्टर, कुणीही, तर आधी विचारा. कसं झालं? दुसरीकडे करून बघितलंत का? उलटं करून बघितलंत का? उत्तर मिळेपर्यंत औषध सोडायचं नाही. माझ्या शब्दावरसुद्धा नाही."

न्हाव्याची बायको पाण्याचा पेला घेऊन आली. नळाचंच पाणी होतं. न्हावीदादांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणीबाईकडे बघत गिळली, आणि म्हणाले, "संध्याकाळची किती वाजता घ्यायची, तेवढं लिहून द्या."

तिने दवाखान्याची चिठ्ठी बघून लिहून दिलं आणि खाली डॉक्टरांचा फोन नंबरही लिहिला.